पाणी वरच्या अंगाचं

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पावसाळ्यात दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी, सकाळ-संध्याकाळ. दुसरी म्हणजे धाकट्या काकांचा फोटो. कधी तुंबलेलं गटार, कधी बसस्टँडवरची झुंबड, कधी फुटपाथवर पसरलेल्या टपऱ्या. फोटोखाली ओळ एकच: ‘बांगलादेश झालाय नुसता.’

काकांच्या मनात वाईट काही नसतं. आपली पुतणी नऊ वर्षं खऱ्याखुऱ्या बांगलादेशात राहते, एवढंच ते लिहिताना विसरतात. एकदा मी खाली लिहिलं, ‘काका, इथला रस्ता आज कोरडा आहे.’ त्यांनी हसरा चेहरा टाकला, आणि पुढच्या आठवड्यात परत तेच.

माझं माहेर शिरोळ तालुक्यात, कृष्णा-पंचगंगेच्या बेचक्यात. शिकले इचलकरंजीत, मागांच्या खडखडाटात. इथं ढाक्यातल्या उत्तरा भागात आमचं बिऱ्हाड आहे आणि नोकरी गाझीपूरच्या एका कपड्याच्या कारखान्यात, तयार टी-शर्टांच्या तपासणीवर. सूत, कापड आणि पूर या तीन गोष्टी मी गावाकडून घेऊनच आले होते. इथं त्या मोठ्या मापात भेटल्या. महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान मुलखात सतरा कोटींच्या आसपास माणसं. गर्दीबद्दल काका बोलतात ते खोटं नाही. ऑफिसची गाडी वीस किलोमीटरला दोन तास घेते, आणि ईदच्या आधी सदरघाटावरून सुटणाऱ्या लाँचवर माणसं बघितली की पंढरीची वारी विरळ वाटते. पण काकांच्या त्या ओळीत गर्दीपेक्षा वेगळं काही असतं. त्या ओळीत ‘हे आपलं नव्हे’ असं असतं. मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल, कारण पाण्याच्या बाबतीत हे फारच आपलं आहे.

२०२४च्या ऑगस्टची गोष्ट. महिन्याच्या सुरुवातीला इथलं सरकार पडलं होतं. रस्त्यावर पोलीस नव्हते, विद्यार्थी चौकाचौकात वाहतूक सांभाळत होते. तोवर २०-२१ तारखेला फेनी, कुमिल्ला, नोआखालीकडे पाणी आलं. फेनीत तर पहिल्या मजल्यापर्यंत. बातमी पसरली की त्रिपुरातल्या डुंबूर धरणाची दारं भारतानं न सांगता उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या भाबी भेटल्या. इथं शेजारणीला भाबीच म्हणतात. त्यांचं माहेर फेनीचं. डोळे सुजलेले. रोज ‘केमन आछेन’ विचारणाऱ्या भाबींनी त्या दिवशी एवढंच विचारलं, ‘आपनारा बांध खुले दिलेन?’ तुम्ही लोकांनी धरण उघडलंत?

तुम्ही लोकांनी! त्यांच्या लेखी मी, म्हणजे शिरोळची पोरगी, त्रिपुरातल्या धरणाच्या दारावर बसले होते.

मला उत्तर माहीत होतं. आपल्या परराष्ट्र खात्यानं त्याच दिवशी खुलासा केला: धरण जेमतेम तीस मीटर उंचीचं, सीमेपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास वर, आणि पाऊस दोन्हीकडे भयंकर. शिवाय डुंबूर आहे गोमती नदीवर, ती कुमिल्ल्याकडे जाते. फेनीला बुडवलं ते मुहुरीनं. हे सगळं मी लिफ्टमध्ये सांगू शकले असते. चौथा मजला येईपर्यंत तोंडातून शब्द फुटला नाही. कारण मला एकदम पाच वर्षांपूर्वीचे आमचे थोरले काका आठवले. शाळेच्या ओसरीवर निर्वासितासारखे बसून ते फोनवर ओरडत होते, ‘अलमट्टीवाल्यांनी बुडवलं बघ आमाला!’ त्यांनाही तेव्हा कुणी आकडे सांगितले असते तर त्यांनी फोन आपटला असता.

अलमट्टीची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कृष्णेवर कर्नाटकात खालच्या अंगाला धरण आहे, सध्या पाणी ५१९.६० मीटरपर्यंत अडवतात. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं २०१०मध्ये ते ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली, आणि तेव्हापासून सांगली-कोल्हापुरात पाऊस सुरू झाला की हा विषय निघतो. खालचा अडवतो म्हणून आमच्याकडं फुगवटा येतो, हे आमचं म्हणणं. २०१९च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी, पात्रातली अतिक्रमणं अशी कारणं मांडली. लोकांना ते पटलं नाही. उंची वाढवायला माझाही विरोध आहे, हे सांगून टाकते, नाहीतर गावात पाऊल ठेवता यायचं नाही.

पण गंमत बघा. तिकडं आम्ही म्हणतो, खालच्यानं अडवलं. इकडं भाबी म्हणतात, वरच्यानं सोडलं. या देशातून समुद्राला मिळणाऱ्या गंगा-ब्रह्मपुत्रा-मेघनेच्या खोऱ्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग सीमेबाहेर आहे. भारताबरोबर सामायिक नद्या ५४. त्यातल्या गंगेच्या पाण्याचा करार १९९६मध्ये झाला, तीस वर्षांचा, मुदत डिसेंबर २०२६ची. तिस्तेचा तर अजून नाहीच. आमच्याकडं कृष्णेचा बचावत लवाद झाला, ब्रिजेश कुमार लवाद झाला, सुप्रीम कोर्ट आहे. भांडायला जागा तरी आहे. भाबींनी कुठं भांडायचं? लिफ्टमध्ये माझ्याशी.

त्या रात्री मी आईला फोन करून हे सांगितलं. आई म्हणाली, ‘तिचं माहेर बुडालंय. तिला चहा पाज, धरणाचं काय सांगतीस.’

आमच्याकडं घरकामाला येतात त्यांना आम्ही खाला म्हणतो. मावशीच. गाव सिराजगंज जिल्ह्यात, चौहाली. यमुना म्हणजे ब्रह्मपुत्रेचा इथला प्रवाह, आणि चौहाली म्हणजे यमुनेच्या तोंडातला घास. सिराजगंज हा मागांचा जिल्हा, लुंग्या आणि साड्यांचा. खालाचा नवराही आधी मागावर होता. त्यामुळे आमच्या दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं. तिला ‘काठ’ आणि ‘पदर’ दाखवावे लागत नाहीत.

खालाचं घर सात वेळा नदीत गेलं. ती ‘पुरात गेलं’ म्हणत नाही, ‘भांगलं’ म्हणते, मोडलं. अशा माणसांना इथं नावच आहे, नदी-भांगा मानुष. पूर येतो नि ओसरतो, खाली जमीन राहते. भांगनात जमीनच जाते. सकाळी शेवग्याचं झाड नदीपासून वीस हात लांब होतं, संध्याकाळी नाही, असं ती सांगते आणि हातातला कांदा कापत राहते. म्हणून तिथली घरं पत्र्याची. जोड सोडवायचे, पत्रे होडीत घालायचे, दुसऱ्या चरावर, म्हणजे नदीतल्या गाळाच्या बेटावर, नेऊन उभे करायचे. घर म्हणजे सामान. तिच्याकडं एक बिस्किटाचा डबा आहे, त्यात पॉलिथिनमध्ये गुंडाळलेले बुडालेल्या जमिनीचे कागद. नदीनं नेलेली जमीन तीस वर्षांच्या आत वर आली तर मूळ मालकाचा तिच्यावर हक्क राहतो, असा इथला कायदा आहे. कागदावर. प्रत्यक्षात नवा चर वर आला की आधी पोचतात ते लाठीवाले. तरी कागद ती टाकत नाही. आईनं सातबारा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलाय, तो मला तेव्हा आठवला.

मी ढाक्यात आले त्या वर्षी खालाशी बोलताना माझी एक चूक होत असे. जुलैत तिच्या गावात पाणी शिरल्याचं कळलं की मी ‘अरेरे’ करायची. एक दिवस तिनं मला थांबवलं. ‘दिदी, एटा बोन्ना ना, एटा बर्षा.’ हा पूर नव्हे, हा पावसाळा. शेतात पाणी येणं म्हणजे बर्षा. गाळ येतो, मासे येतात, ताग कुजवायला पाणी मिळतं, बायका माहेरी होडीनं जाऊन येतात. तेच पाणी घराच्या जोत्यावर चढलं, भात उभा असताना आलं किंवा महिना झाला तरी उतरेना, की ते बोन्ना. १९८८ हे बोन्ना. १९९८ तर महाबोन्ना, दोन-तृतीयांश देश दोन महिन्यांहून जास्त पाण्याखाली. रेषा फुटात नाही, घरात आखलेली असते. चौकी, म्हणजे लाकडी पलंग, आधी दोन विटांवर, मग चारांवर. चूल मातीचीच, पण उचलता येणारी. धान्य मचाणावर. कोंबड्या पत्र्यावर. पाचव्या विटेला घर सोडायचं. गेल्या जुलैत ती माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर आईला एवढंच विचारत होती, ‘कयटा इट?’ किती विटा? पलीकडून उत्तर आलं, तीन. ती परत भांडी घासायला लागली.

मला हे शब्द ऐकून कौतुक वाटायचं, आणि मग एक दिवस लाज वाटली. कारण असे शब्द आपल्याकडंही आहेत, आपण वापरायचं सोडलं.

नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा होतो. कृष्णा चढते, पाणी मंदिरात शिरतं, पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या पाण्यात अंघोळ करायला लांबून लोक येतात. हे आमचं ‘बर्षा’. पाणी पाहुणं आहे, देवाच्या पायाशी येऊन जाणार. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात, तिथंही पाणी आलं की आणखी वर. आता हे नीट बघा. मूर्ती कधी हलवायची ते ठरलेलं, कुणी हलवायची ते ठरलेलं, कुठं न्यायची ते ठरलेलं. तलाठ्याच्या नोटिशीची वाट नाही, पालकमंत्र्यांच्या दौऱ्याची वाट नाही. वाडीचा देव पिढ्यान्‌पिढ्या वेळेत स्थलांतर करतो. आणि चार-सहा किलोमीटरवरची आम्ही माणसं छातीपर्यंत पाणी येईस्तोवर घरात बसतो.

का बसतो, याचं उत्तर मला माहीत आहे. २०१९ला आई बसली होती. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महामार्ग बंद, गावाला वेढा. होडी आली, आई चढली नाही. मी इथून फोनवर रडत होते, ओरडत होते. तिचं एकच: ‘म्हस सोडून कुठं जाऊ गं मी?’ दोन म्हशी होत्या, एक गाभण. शेवटी रात्री कुणीतरी दावी कापली आणि आईला बखोटीला धरून शाळेत नेलं. मग तिचा फोन बंद. चौथ्या दिवशी लागला. पहिलं वाक्य, ‘एक आलीया परत.’ मला वाटलं कुणी माणूस हरवलं होतं. गाभण म्हैस गेली होती.

पुढचे तीन महिने गावात चर्चा कशाची? पंचनाम्याची. सानुग्रह अनुदान कुणाला मिळालं, कुणाला नाही, कुणाच्या भाड्याच्या खोलीत कागदोपत्री दोन कुटुंबं निघाली. मदतीच्या पिशव्यांवर कुणाचा फोटो होता. आणि अर्थात अलमट्टी. हे विषय फालतू आहेत असं मी म्हणत नाही, ज्याचं घर गेलंय त्याला दहा हजारसुद्धा मोलाचे. पण म्हशी कुठं जातील, हा प्रश्न एकाही सभेत निघाला नाही. २०२१ला परत तेच पाणी, तीच होडी, तेच ‘म्हस सोडून कुठं जाऊ’.

बांगलादेशाच्या किनाऱ्यावर या प्रश्नाला उत्तर आहे आणि त्याचं नाव ऐकून मी चाट पडले: किल्ला. मराठी माणसाला किल्ला म्हटलं की बुरूज आणि भगवा आठवतो. इथं किल्ला म्हणजे मातीचा मोठा उंचवटा, वादळाच्या लाटेत गुरंढोरं चढवायला. १९७०च्या भोला चक्रीवादळात निदान तीन लाख माणसं गेली, त्यानंतर असे उंचवटे बांधायला सुरुवात झाली. नंतर माणसांसाठी खांबांवरचे सिमेंटचे निवारे आले, एरवी त्यात शाळा भरते. जनावरं सुरक्षित आहेत हे कळल्याशिवाय माणूस हलत नाही, एवढी साधी गोष्ट कुणाच्या तरी डोक्यात होती. सगळीकडे पुरेसे किल्ले आहेत का? नाहीत. काही खचलेत. पण कल्पना तरी आहे, सरकारी कागदावर तिला नाव तरी आहे.

त्याच्याच जोडीला १९७२पासून चक्रीवादळ पूर्वतयारीचा कार्यक्रम चालतो, सरकार आणि रेड क्रेसेंट मिळून. सुमारे ७६ हजार स्वयंसेवक, त्यात निम्म्या बायका. धोका वाढेल तसा गावात एक बावटा, दोन बावटे, तीन बावटे. बावटा लागला की स्वयंसेवक मेगाफोन घेऊन दारोदार जातात. बाई दारात आली तर आतली म्हातारी, बाळंतीण बाहेर येते, पुरुषांच्या ओरडण्यानं येत नाही, हे इथं ओळखलं गेलं. १९९१च्या वादळात एक लाख अडतीस हजारांच्या आसपास मेले. २००७च्या सिडरमध्ये साडेतीन हजारांच्या आत. २०२०च्या अम्फानमध्ये, कोविड ऐन भरात असताना वीस लाखांहून जास्त लोक हलवले, बांगलादेशात मृत्यू तिसाच्या आत राहिले. हे श्रीमंत देशाचं काम नाही. आपल्याकडं माझ्या आईला इशारा मिळतो तो पुतण्यानं पुढे ढकललेल्या मेसेजमध्ये, त्यात फूट असतात. फुटांचं काय करायचं ते नसतं. ४३ फुटांना आपल्या गल्लीत पाणी कुठवर येईल, हे गल्लीतल्या म्हाताऱ्याला तोंडपाठ आहे, कार्यालयाच्या पत्रकात नाही. निळी रेषा, लाल रेषा नकाशावर आखल्यात. निळी पंचवीस वर्षांच्या पुराची, लाल शंभर वर्षांच्या पुराची. बांधकाम परवानगी मागायला गेल्याशिवाय त्या रेषा कुणाला दिसत नाहीत. एक दिवस कुणीतरी विजेच्या खांबांवर त्या रंगवाव्यात, एवढी माझी साधी मागणी आहे.

मी इथं बांगलादेशाची आरती ओवाळायला बसलेली नाही. आमच्या उत्तऱ्यात तासभर जोराचा पाऊस झाला की बारा नंबर सेक्टरात रिक्षाची सीट ओली होते. ढाक्यातले खाल, म्हणजे ओढे-कालवे, बुजवून त्यावर इमारती उठल्या, हे काम मुंबईच्या मिठीवाल्यांनी येऊन शिकवल्यासारखं झालंय. २०२३मध्ये डेंगीनं १,७०५ माणसं गेली, माझी लेक पाच दिवस सलाईनवर होती आणि दवाखान्यात खाट मिळेना.

आणि रस्त्याचा भराव! शिरोलीजवळ पंचगंगेच्या पुलाला जोडून महामार्गाचा भराव आहे, पाणी अडतं, तो काढून कमानींचा पूल करा, अशी मागणी कोल्हापूरकर किती वर्षं करतायत. इथं किशोरगंजच्या हाओरात, म्हणजे पावसाळ्यात समुद्र होणाऱ्या खोलगट मुलखात, इटना-मिठामइन-अष्टग्राम असा तीसेक किलोमीटरचा रस्ता बांधला. २०२०ला उद्घाटन. दोन्हीकडे निळं पाणी, मधून काळा डांबरी पट्टा, फोटोला इतका देखणा की सगळा देश सेल्फी काढायला धावला. आम्हीही गेलो होतो. २०२२ला सिलेट बुडालं तेव्हा लोकांनी त्या रस्त्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी सरकारनं ठरवलं की हाओरात यापुढे रस्ते खांबांवर. भरावावर उभं राहून आम्ही काढलेला फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे. आईला पाठवला तेव्हा ती म्हणाली, ‘शिरोलीसारखंच दिसतंय की.’

परदेशी पाहुणे, मदतसंस्थांची माणसं आणि वर्तमानपत्रं इथल्या लोकांना एक विशेषण लावतात: चिवट. आपल्याकडं मुंबईकराला स्पिरिट असतं, तसं. मला या शब्दाचा राग येतो, आणि तो राग मी खालाकडून घेतलाय. एकदा दूरदर्शनवर कुणीतरी साहेब नदीकाठच्या लोकांच्या धैर्याबद्दल बोलत होते. खालानं आवाज बंद केला. म्हणाली, ‘साहोस ना दिदी, उपाय नाइ.’ धैर्य नव्हे, इलाज नाही. सात वेळा पत्रे उचलणारी बाई आठव्या वेळीही उचलेल, हे गृहीत धरलं की बंधारा बांधायची घाई कुणाला राहत नाही. मीरपूरला भोला बस्ती नावाची झोपडपट्टी आहे, भोल्यात घरं नदीत गेलेल्यांनी वसवलेली. आमच्या कारखान्यातल्या कितीतरी मुली अशाच घरांतून आलेल्या. २०२३ला ठरलेला किमान पगार साडेबारा हजार टाका, त्यातून गावाकडच्या आईला पत्रे घेऊन द्यायचे. तुम्ही अंगात घालता त्या टी-शर्टाच्या शिवणीत नदीची दरड आहे, हे मी काकांना लिहिणार होते, पण ते फार नाटकी वाटलं म्हणून खोडलं.

मला खरोखर घ्यावंसं वाटतं ते धैर्य नव्हे, बारीकसारीक व्यवस्था. एक सांगते. बांगलादेशात रोज चाळीसच्या आसपास मुलं बुडून मरतात. महापुरात नाही. एरवीच्या दिवशी, घरामागच्या पुकुरात, म्हणजे तळ्यात. खालाच्या बहिणीची मुलगी अशीच गेली, दीड वर्षाची. भात चुलीवर होता. अभ्यास करणाऱ्यांनी बघितलं की बहुतेक मुलं सकाळी नऊ ते एकमध्ये जातात, आई स्वयंपाकात आणि बाप शेतात असताना. मग काय केलं? गावातल्याच एखाद्या बाईच्या घरात नऊ ते एक मुलं सांभाळायची. त्याला नाव दिलं आंचल, म्हणजे पदर. भिंत नाही, धरण नाही, मोठा निधी नाही. दिवसातले चार तास ओळखले, बस. असंच १९८०च्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या बायका एक कोटीहून जास्त घरांत गेल्या आणि आयांना शिकवून आल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. पुरानंतर हगवणीनं पोरं जायची, ती त्यानं वाचली. खाला अजून लेकीला ते बोटांनी मोजून दाखवते. मुलांची संख्याही अशीच कमी झाली. १९७५च्या सुमाराला बाईमागे सहाहून जास्त मुलं, २०११ला २.३. त्यात मोठा वाटा दारात गोळ्या घेऊन येणाऱ्या बायकांचा. आपल्याकडं लोकसंख्येवर तावातावानं बोलणाऱ्या काकांना हा आकडा मी दोनदा पाठवलाय. दोन्ही वेळा निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

फेनीच्या त्या पुरात ढाका विद्यापीठात पोरांनी गणत्राण, म्हणजे लोकांकडून मदत गोळा करायचं काम, चालवलं. तिथल्या टीएससी या शिक्षक-विद्यार्थी केंद्राच्या आवारात माणसं रांगेनं पोहे, गूळ, पाण्याच्या बाटल्या, बाळांचे कपडे आणून टाकत होती. मी आणि नवरा चार पोती मुरी, म्हणजे चुरमुरे, घेऊन गेलो. तिथल्या पोरानं नाव विचारलं, मी सांगितलं, तो क्षणभर थबकला. मग वहीत लिहून घेतलं आणि म्हणाला, ‘थँक यू आपा.’ पिशव्यांवर फोटो कुणाचाही नव्हता. भाबींच्या माहेरचं पाणी दहा दिवसांनी उतरलं. त्यांच्याशी धरणाविषयी मी पुन्हा बोलले नाही, त्यांनीही नाही. मात्र पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मला विचारलं, ‘तुमच्या आईकडे यंदा काय तयारी?’

तयारी म्हणजे मी मार्चमध्ये गावी गेले तेव्हा ग्रामपंचायतीत गेले होते. गुरांसाठी गायरानात उंचवटा करू या, म्हणून. सरपंचबाईंनी ऐकून घेतलं. ग्रामसेवक म्हणाले, अशी योजनाच नाही, हेड कुठलं लावायचं? एक सदस्य म्हणाला, ‘ताई, आधी अलमट्टीचं बघूया.’ चहा आला. विषय संपला. मग आईनं स्वतःच माळावरच्या मामेभावाच्या वस्तीवर जागा मागितली. ओटा बांधायचा, वर पत्रे, दोन म्हशींपुरता, आणि वैरणीचे भारे जूनमध्येच तिकडं टाकायचे. बंधारा ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला आला, की म्हशी हलवायच्या, कुणी सांगो न सांगो. देवाच्या नियमानं.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आई तो ओटा दाखवत होती. खाला मागून डोकावली, हात पुसत.

‘कतो उचा?’ तिनं विचारलं.

मी सांगितलं, उंची किती विचारतेय. आईनं हात मांडीशी लावून दाखवला.

खालानं मान हलवली. ‘आरो उचा.’

‘काय म्हणतीया ती?’

‘अजून उंच कर म्हणतेय.’

‘तिला म्हणावं,’ आई म्हणाली, ‘सिमेंटचं पोतं केवढ्याला झालंय ते बघ आधी.’